नोकरी करणारा रुळला म्हणजे घर रुळलं असं होत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चाकणची नोकरी सोडून गेल्या ऑक्टोबरात ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी कामगारांना मिळणाऱ्या परवान्यावर, जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या सिंडेलफिंगनला आलात. बरोबर पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. तुमचं ऑफिसात छान चाललं आहे. पत्नी फिजिओथेरपिस्ट, पिंपरीत स्वतःचे पेशंट होते. इथे आठ महिने घरातच आहेत, चिडतात, रात्री रडतात. मुलगी शाळेत एक अक्षर बोलत नाही असं वर्गशिक्षिकेनं कळवलं. मुलाला किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, सप्टेंबरपासून जागा मिळाली आहे. तिकडे आईबाबा दोघंच. तुम्ही विचारता, रुळायला साधारण किती काळ लागतो, आणि जमणारच नसेल तर वेळीच परत जावं का?

स्टुटगार्ट आणि आसपासच्या गावांत परदेशातून आलेल्या कुटुंबांना सल्ला देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. त्यात मराठी कुटुंबं पुष्कळ, कारण पुणे-चाकण पट्टा आणि स्टुटगार्ट यांना जोडणारा मोटारींचा धंदा. मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत, आणि 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करारही केला. त्यामुळे तुमच्यासारखी घरं आणखी येणार. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही चौघांच्या अडचणी चार वेगळ्या ओळींत लिहिल्या आहेत. माझ्या मते अडचण एकच आहे आणि ती तुमच्या पत्नीच्या दिवसाची आहे. मुलीचं गप्प असणं, मुलाची किटा, आईबाबांची काळजी, परत जायचा प्रश्न, हे सगळं तिथे येऊन मिळतं.

तुमच्याकडे बघा. तुम्ही विमानातून उतरलात तेव्हा तुमचं टेबल, तुमचा लॅपटॉप, तुमची टीम तयार होती. ऑफिसची भाषा इंग्रजी. चाकणला तुम्ही इंजिनीअर होता, इथेही इंजिनीअरच आहात. पत्नीचं काय झालं? त्याच विमानात त्यांचा व्यवसाय गेला, स्वतःची कमाई गेली, स्कूटर गेली, कामाच्या मावशी गेल्या, आई-बहीण-मैत्रिणी गेल्या आणि भाषाही गेली. त्यातून तुम्ही आलात ऑक्टोबरात. इथे डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. म्हणजे त्यांनी जर्मनीचे पहिले पाच महिने जे पाहिले ते बंद खिडक्या, ओले बूट आणि संध्याकाळी सहाची रात्र. जे कुटुंब एप्रिलमध्ये येतं त्याची सुरुवात निदान बागेत होते. तुमच्या घरात जे चाललं आहे त्यातला काही भाग निव्वळ या वेळापत्रकाचा आहे, एवढं दोघंही लक्षात घ्या.

दुसरी गोष्ट, जी बहुतेक नवऱ्यांच्या ध्यानात येत नाही. आपल्या घरांत शाळेचं बोलणं, डॉक्टर, शेजारी, वाढदिवसाची आमंत्रणं, दुकानदार, हे सगळं साधारण बाईकडे येतं. तुम्ही नऊ तास इंग्रजीत काम करता. जर्मनीशी गाठ पडते ती तुमच्या पत्नीची. म्हणून घराला जर्मन किती येतं हे तुमच्या पत्नीला किती येतं यावर ठरतं. त्या आज फक्त ‘हालो’ आणि ‘चूस’, म्हणजे नमस्कार आणि ‘येते हं’, एवढंच म्हणू शकत असतील, तर मुलीच्या मैत्रिणीच्या आईशी त्या बोलू शकत नाहीत, मैत्रीण घरी येत नाही, मुलगी शाळेत गप्पच राहते, आणि तुम्हाला दोन अडचणी वेगवेगळ्या दिसतात.

तेव्हा पहिलं काम त्यांच्या जर्मनचं. मोबाइलवरचं अ‍ॅप नव्हे, वर्गात जाऊन. अ‍ॅपवर शब्द येतात, पण अ‍ॅप तुम्हाला नावानं हाक मारत नाही. वर्गात युक्रेनची, तुर्कस्तानची, सीरियाची, ब्राझीलची माणसं असतात, सगळी त्याच पायरीवर उभी, आणि आपण एक दिवस गेलो नाही तर कुणीतरी विचारतं. माझ्यासमोर आलेल्या किती तरी बायकांची इथली पहिली मैत्रीण त्या वर्गातली होती, आणि ती जर्मन नव्हती.

सरकारी इंटिग्रेशन कोर्समध्ये भाषेचे 600 आणि जर्मनीची ओळख करून देणारे 100 असे एकूण 700 तास असतात, आणि शेवटी बी-1 पातळीची परीक्षा (ए-1 ते सी-2 अशा भाषेच्या सहा पायऱ्या असतात, त्यातली ही तिसरी). त्या कोर्सचा हक्क परवान्याच्या प्रकारावर आणि शिक्षणावर ठरतो, म्हणून आधी आउसलेंडरबेहोर्डला, म्हणजे परवाने देणाऱ्या कचेरीला, लेखी विचारा. नाही मिळाला तर फोल्क्सहोखशूल, म्हणजे गावोगावी असलेली नगरपालिकेची प्रौढ शिक्षणसंस्था. तिथे पैसे भरून तोच अभ्यास होतो आणि शिकवतातही चांगलं. आठवड्याला वीस-पंचवीस तासांचा वर्ग धरला तर सातआठ महिन्यांत बी-1 च्या जवळ पोचता येतं. आठवड्यातून दोन संध्याकाळ करत गेलं तर त्याच पायरीला तीन वर्षं लागतात आणि मधेच धीर सुटतो. म्हणून माझा आग्रह सकाळच्या रोजच्या वर्गाचा आहे.

आता तुम्ही म्हणाल, मुलगा घरी असताना सकाळचा वर्ग कसा? सप्टेंबरपर्यंत खरंच जमणार नाही, तोवर संध्याकाळचा घ्या. पण मग त्या दोन संध्याकाळी तुम्ही साडेपाचला घरात हवेत, म्हणजे हवेतच. ऑफिसच्या कॅलेंडरवर ती वेळ बंद करून टाका. इथे मुलांसाठी वेळेवर निघणाऱ्या बापाकडे कुणी वाकड्या नजरेनं बघत नाही. तुमचे जर्मन सहकारी ते रोज करतात.

आणि सप्टेंबरात किटा सुरू होईल तेव्हा फार जण एक गोष्ट उलटी करतात. इथे मूल पहिल्या दिवशी सोडून येत नाहीत. आइनगेव्योनुंग नावाचा काळ असतो: आई किंवा बाप मुलाबरोबर आत बसतो, मग पंधरा मिनिटं बाहेर, मग तासभर, असं करत दोन ते चार आठवडे जातात. आपल्याकडे हे काम आपोआप आईवर पडतं. तुमच्या घरी ते तुम्ही करा. रजा आत्ताच मागून ठेवा. मुलगा किटात तुमच्या सोबतीनं रुळेल, आणि पत्नी त्याच सोमवारी सकाळच्या वर्गाला जाऊन बसतील. नाही तर सप्टेंबर किटात जाईल, ऑक्टोबरात मूल सर्दीनं घरी बसेल, वर्गातल्या जागा भरतील, आणि पुन्हा हिवाळा येईल. किटासाठी गोवराच्या लशीचा पुरावा लागतो, 2020 च्या कायद्यानं तो बंधनकारक आहे; पुण्याचं लसीकरणाचं कार्ड शोधून मुलांच्या डॉक्टरांकडून शिक्का घेऊन ठेवा.

आता त्यांच्या व्यवसायाबद्दल, कारण रडण्याचं मूळ मला तिथे दिसतं. फिजिओथेरपी हा जर्मनीत परवान्याचा व्यवसाय आहे; मान्यता मिळाल्याशिवाय फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करता येत नाही. पण या देशाला फिजिओथेरपिस्ट हवे आहेत, टंचाई आहे, म्हणजे तुमच्या पत्नीचा रस्ता लांब असला तरी बंद नाही. इथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात ही मान्यता रेगीरुंग्सप्रेझिडियुम स्टुटगार्ट या कचेरीकडून मिळते. इथलं फिजिओथेरपीचं शिक्षण तीन वर्षांचं असतं. त्यातला प्रत्येक विषय, त्याचे तास, प्रात्यक्षिक, यांच्याशी भारतातल्या पदवीची तुलना करतात. कमी पडेल तेवढ्यासाठी एक तर काही महिन्यांचं प्रशिक्षण किंवा परीक्षा. भाषा बी-2 लागते.

इथे आपल्या मुली कुठे अडकतात ते सांगते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी आणि गुणपत्रिका सगळ्यांकडे असतात. पण कचेरी मागते ते विषयवार तास: शरीररचनाशास्त्राचे थिअरीचे किती, प्रात्यक्षिकाचे किती, कोणत्या वॉर्डात किती तास काम केलं. हे कॉलेजच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानं लागतं. त्याशिवाय इंटर्नशिपचं प्रमाणपत्र, राज्य परिषदेची नोंदणी आणि जिथे काम केलं तिथली अनुभवाची पत्रं, ज्यात आठवड्याचे तास लिहिलेले आहेत अशी. नुसतं ‘अमुक ते अमुक काळ काम केलं’ एवढ्यावर भागत नाही. मग या सगळ्याचं शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन भाषांतर. अर्ज करण्याआधी आयक्यू नेटवर्कच्या मान्यता-सल्ला केंद्रात वेळ घ्या. सल्ला फुकट असतो आणि त्यांना प्रत्येक व्यवसायाची यादी तोंडपाठ असते.

बी-2 होईपर्यंत थांबून मग अर्ज करू, असं ठरवू नका. कागद आणि भाषा बरोबरीनं चालू द्या. कचेरीचं उत्तर यायला महिने लागतात आणि ते महिने नाही तरी भाषेत जाणारच आहेत. बी-1 च्या आसपास आल्या की गावातल्या एखाद्या फिजिओथेरपी प्रॅक्टिसमध्ये चार-पाच दिवस नुसतं बघायला जाता येतं का विचारा. होस्पिटाट्सिओन म्हणतात त्याला, आणि इथे हे विचारणं अगदी रूढ आहे. पेशंटचा खांदा कसा धरतात, नोंद कशी करतात, काय बोलतात, हे पाहिलं की आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना आपण कोण होतो ते आठवेल. हा परिणाम मी अनेकदा पाहिला आहे, म्हणून इतक्या खात्रीनं लिहिते.

तोवर मिनिजॉब, म्हणजे आठवड्याला थोड्या तासांचं छोटं काम, धरावा का, गोदामात किंवा बेकरीत? घरात पैशांची ओढ असेल तर कुठलंही काम चांगलंच. तुमच्याकडे तशी ओढ दिसत नाही. मग ते दहा तास वर्गाला द्या. माझ्यापुढे अशा शिकलेल्या बायका येतात ज्यांनी ‘तात्पुरतं’ म्हणून गोदाम धरलं आणि पाच वर्षांनी त्यांची जर्मन तेवढ्याच चाळीस शब्दांची राहिली.

एक गोष्ट मात्र वर्गाची वाट बघत थांबवू नका. झोप नाही, रोज रडू, कशात मन नाही, हे सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर त्यांना हाउसआर्ट्स्टकडे, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे, घेऊन जा आणि हे शब्द तसेच सांगा. बरेच डॉक्टर इंग्रजीत बोलतात. ‘नव्या देशात असं होतंच’ म्हणून मनाचा आजार अंगावर काढलेली घरं मी पाहिली आहेत. आजाराला औषध आणि समुपदेशन लागतं, धीर देऊन तो जात नाही. मातृभाषेत बोलायचं असेल तर पुण्यातले समुपदेशक ऑनलाइन भेटतात, वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार.

आणि तुमच्या बोलण्याबद्दल. तुम्ही लिहिलं आहे, ‘मी सगळं बघतो, तिला कशाची कमी नाही.’ तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण सगळं तुम्ही बघता हीच त्यांच्यासाठी मोठी कमी आहे. बँकेचं खातं दोघांच्या नावावर करा, त्यांचं स्वतःचं कार्ड असू द्या. सासरचं आडनाव लावत नसतील तर टपालपेटीवर आणि बेलवर त्यांचंही आडनाव लावा, नाही तर त्यांची पत्रं परत जातात. किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठी मिळणारी रक्कम (2025 मध्ये दर मुलामागे महिना 255 युरो), अजून मागितली नसेल तर लगेच मागा, कारण मागच्या सहाच महिन्यांची मिळते. तो अर्ज त्यांना भरू द्या. अर्ध्या तासाचं काम दोन तास घेईल, घेऊ द्या.

शेजारपाजार. तुम्ही लिहिता, जर्मन लोक घरी बोलावत नाहीत. बरोबर आहे, इथे श्वाबेन भागात तर लवकर बोलावतच नाहीत. इथे माणसांत शिरायची वाट आमंत्रणातून कमी आणि कर्तव्यातून जास्त जाते. एक उदाहरण सांगते. चिंचवडच्या एका कुटुंबाच्या दारावर एके दिवशी ‘केरवोखं’ लिहिलेली लाकडी पाटी लटकलेली दिसली. याचा अर्थ या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. त्या ताईंनी आपल्याकडच्या पद्धतीनं बादली भरून पाणी ओतलं आणि जिना धुऊन काढला. खालच्या मजल्यावरच्या सत्तरीतल्या बाई आवाज ऐकून बाहेर आल्या. रागावल्या असाव्यात, पण ताईंचा चेहरा बघून त्यांनी स्वतःचा मॉप आणला आणि करून दाखवलं: वरून खाली झाडत यायचं, कठडा पुसायचा, मॉप पिळून ओलसर फिरवायचा, तळघराची पायरी विसरायची नाही, आणि शेवटी पाटी पुढच्या दारावर अडकवायची. दोघींनी मिळून ते संपवलं. पुढच्या आठवड्यात बाईंनी आलुबुखारचा केक दिला, ताईंनी थालीपीठ. मग दर शनिवारी जिन्यात दहा मिनिटं बोलणं सुरू झालं, आणि ताईंची तोंडातली जर्मन तिथे सुटली. तुमच्या इमारतीत अशी पाळी असेल तर ती तुम्ही उरकू नका, पत्नीबरोबर करा, शनिवारी सकाळी, जेव्हा सगळे जिन्यात असतात. बाकी रात्री दहानंतर शांतता, रविवारी ड्रिल नाही, आणि हिवाळ्यातसुद्धा दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, नाही तर फोडणीच्या आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या वाफेनं भिंतीला बुरशी धरते आणि घरमालकाशी वाद होतो. हे एवढं पाळलं की शेजारी आपले.

मुलीकडे येते. नवीन भाषेत पडलेलं मूल कित्येक महिने गप्प असू शकतं. ते ऐकत असतं, साठवत असतं. चुकीचं बोलण्यापेक्षा न बोलणं त्याला बरं वाटतं. नऊ वर्षांच्या मुलीला तर चार वर्षांच्या भावापेक्षा जास्त लाज असते, कारण पिंपरीच्या वर्गात ती हुशार म्हणून ओळखली जात होती. तेव्हा बाईंना ‘ती बोलते का’ असं विचारू नका. विचारा: सांगितलेलं तिला कळतं का? गणितं सोडवते का? मधल्या सुट्टीत कुणाजवळ उभी असते? घरी ती मराठीत पहिल्यासारखी बडबडते का, भावाशी भांडते का, ते तुम्ही बघा. याची उत्तरं ‘हो’ असतील तर घाबरण्यासारखं काही नाही. घरीही ती गप्प झाली असेल, रोज सकाळी पोट दुखत असेल, अंथरूण ओलं होत असेल, तर मात्र मुलांच्या डॉक्टरांकडे जा. शाळेत समाजकार्यकर्ता असतो त्यालाही भेटा, आणि जिल्ह्याच्या कौटुंबिक समुपदेशन केंद्रात पैसे लागत नाहीत.

घरी मराठीच बोला. काही जण मुलांना लवकर यावं म्हणून स्वतःची मोडकी जर्मन घरात सुरू करतात. त्यातून मूल चुकीची जर्मन शिकतं आणि मनातलं सांगायची भाषा गमावतं. पहिली भाषा भक्कम असली की दुसरी तिच्यावर बसते. तिला रात्री मराठी गोष्ट वाचून दाखवा, तिच्याकडून वाचून घ्या. जर्मन शाळा शिकवेल. इथल्या राज्यात नव्यानं आलेल्या मुलांसाठी फोरबेराइटुंग्सक्लास, म्हणजे भाषेच्या तयारीचा वर्ग, असतो, सगळे त्याला ‘फाउ-का-एल’ म्हणतात. तो तिच्या शाळेत आहे का, आठवड्याला किती तास आहे, हे विचारून घ्या.

शाळेबाहेर शिकवणी लावू नका. फेराइनमध्ये घाला. प्रत्येक गावात खेळांची मंडळं असतात, वर्गणी थोडी असते. हँडबॉल, जिम्नॅस्टिक्स, काहीही. जिथे बोलल्याशिवाय चेंडू देता येतो. पोहणं तर जरूर. इथे मुलांना ‘झेफेर्डशन’ नावाचा पहिला बिल्ला मिळतो, 25 मीटर पोहून आणि पाण्याखालून वस्तू काढून. वर्गातल्या बहुतेकींकडे तो असतो, शाळेच्या पोहण्याच्या तासाला आपली मुलगी काठावर बसू नये. आणि एक मैत्रीण. वर्गभर नको, एकच. तिच्या आईला चिठ्ठी लिहा: बुधवारी दोन ते पाच तुमची मुलगी आमच्याकडे खेळायला येईल का? इथे मुलं न सांगता कुणाच्या दारात येत नाहीत, आईबाप दिवस आणि वेळ ठरवतात. म्हणून वाट बघत बसलात तर कुणी येणार नाही. तुम्ही लिहिलंत तर बहुधा येतं.

तुम्ही लिहिलं नसलं तरी चौथीची धास्ती तुमच्या मनात असणारच. सप्टेंबरात ती चौथीत जाईल. इथे चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या शाळांत जातात: गिम्नाझियुम (थेट विद्यापीठाकडे नेणारी), रेआलशूल (दहावीपर्यंतची), गेमाइनशाफ्टशूल (सगळ्या पातळ्यांची मुलं एकत्र शिकतात ती) वगैरे. चौथीत ‘कोम्पास 4’ नावाची जर्मन आणि गणिताची चाचणी होते, शिक्षक शिफारस देतात, आणि 2024-25 पासून गिम्नाझियुमला जायचं तर नुसती आईबापांची इच्छा पुरत नाही. हे ऐकून मराठी आईबाप हादरतात, मुलीला रात्री दहापर्यंत अभ्यासाला बसवतात, आणि जी थोडी बोलायला लागलेली असते ती पुन्हा मिटते. कृपा करून असं करू नका. रेआलशूलमधून दहावी करून तीन वर्षांच्या व्यावसायिक गिम्नाझियुममध्ये जाता येतं आणि तिथली आबिटूअर, म्हणजे बारावीची परीक्षा, विद्यापीठासाठी तितकीच पूर्ण मानली जाते. गेमाइनशाफ्टशूलमध्ये तर निर्णयच पुढे ढकलला जातो. तुमच्या मुलीला मी आज कदाचित तीच सुचवीन. तिसरीत आणखी एक वर्ष राहू द्यावं का, हेही वर्गशिक्षिकेशी मोकळेपणानं बोला. त्यात कमीपणा नाही, तिला भाषेसाठी एक वर्ष मिळेल.

वर्षभरात मुलगी तुमच्यापेक्षा चांगलं जर्मन बोलेल. तेव्हा एक मोह होईल, तिला दुभाषी करण्याचा: ‘बेटा, घरमालकाला विचार’, ‘डॉक्टरांना सांग आईला काय होतंय.’ बेकरीत चालेल. डॉक्टरांकडे, कचेरीत, शाळेच्या मीटिंगला अजिबात नाही. आईच्या दुखण्याचं भाषांतर करणारी दहा वर्षांची मुलगी घरातली मोठी होऊन बसते, आणि ते ओझं मी पंचविशीतल्या मुलींच्या बोलण्यात ऐकलं आहे.

आईबाबांबद्दल. मार्च 2024 च्या नव्या कायद्यानं तुमच्यासारख्या, त्यानंतर पहिला परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडिलांना कायमचं बोलावता येतं, हे तुम्ही वाचलं असेल. प्रत्यक्षात अडतं ते आरोग्य विम्यावर. त्या वयात इथे पुरेसा विमा मिळणं फार अवघड आणि फार महाग. त्याच्या भरवशावर पिंपरीचं घर विकायचा विचार करू नका. पाहुणे म्हणून 180 दिवसांत 90 दिवस येता येतं. मे ते ऑगस्टमध्ये बोलवा, हिवाळ्यात नको. आणि फोनबद्दल हळुवारपणे सांगते: पत्नी दुपारभर आईशी आणि बहिणीशी व्हिडिओवर असतात असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलं आहे. तो फोन तोडू नका. सध्या तोच त्यांचा आधार आहे. दिवस वर्गानं भरला की तो आपोआप आखूड होईल.

आता परत जायचं का. माझं उत्तर: आत्ता ठरवू नका, आणि हिवाळ्यात तर मुळीच नको. पुढच्या वर्षीचा जुलै ही तारीख दोघांनी मिळून पक्की करा. त्याला कारण आहे. ऑक्टोबरपासून धरलं तर जुलैत तुमचे 21 महिने भरतात, आणि तुमच्या स्वतःकडे बी-1 असेल तर ब्लू कार्डवरून कायमच्या परवान्याचा अर्ज तेव्हा करता येतो (ए-1 वर 27 महिने लागतात). म्हणजे तुम्हालाही जर्मन शिकायची आहे, ऑफिस इंग्रजीत असलं तरी. तोवर पत्नी बी-1 च्या पुढे असतील, मान्यतेचं पत्र हातात आलं असेल आणि नेमकं काय कमी आहे ते कळलेलं असेल. मुलीचं शाळेचं वर्षही जुलैअखेर संपतं. तेव्हा समोर खऱ्या गोष्टी असतील, आज फक्त थकवा आहे.

आणि त्या जुलैत पत्नी म्हणाल्या, मी सगळं करून पाहिलं, मला माझे पेशंट आणि माझं शहर हवं आहे, तर जा. त्याला हार म्हणू नका आणि कुणाला म्हणू देऊ नका. फक्त एवढं बघा की महाराष्ट्रातल्या शाळा जूनमध्ये सुरू होतात आणि सीबीएसईच्या एप्रिलमध्ये, म्हणून मार्चच्या सुमारास जुन्या शाळेशी बोलून मुलीची जागा आणि इयत्ता विचारून ठेवा. सुट्टीआधी तिकीट स्वस्त मिळतं म्हणून शाळा बुडवून आठवडाभर आधी निघू नका; इथे त्यासाठी दंड होतो.

या उन्हाळ्यात पुण्याला जाणार असाल तर त्यातले दोन दिवस पत्नीच्या कॉलेजसाठी ठेवा. विषयवार तासांच्या पत्राचा नमुना आयक्यू नेटवर्ककडून आधीच घ्या आणि कॉलेजला आजच ईमेल करा. ऑगस्टमध्ये तिथे जाऊन मागितलं तर ‘सर रजेवर आहेत’ ऐकून परत यावं लागतं.